मेलेल्या जंतूची चिठ्ठी

मुक्ते, ये, झोपाळ्यावर बस. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली तेव्हा तू विचारलंस ना, आपण इंदूरकर घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो, मग आत्या दवाखान्यातल्या सुया कुठे टाकते? सांगतो. पण आधी एका उंदराची गोष्ट ऐक.

साल 1928. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ नावाचे डॉक्टर न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होते. या जंतूंत दोन भाऊबंद. एकाच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचा गुळगुळीत अंगरखा, दुसरा उघडाबोडका. अंगरखेवाला पांढऱ्या पेशींच्या हाती लागतच नसे, त्यामुळे तो टोचला की उंदीर मरायचा. उघडा टोचला तर काही व्हायचं नाही. ग्रिफिथनी अंगरखेवाले तापवून मारले आणि टोचले, उंदीर ठणठणीत. मग मेलेले अंगरखेवाले आणि जिवंत उघडे त्यांनी एकत्र टोचले. दोन्ही निरुपद्रवी, तरी उंदीर मेला! आणि त्याच्या रक्तात काय सापडलं? अंगरखा घातलेले जिवंत जंतू.

मेलेले काही उठून बसत नाहीत. मग झालं काय? उघड्या जंतूंनी मेलेल्यांच्या पसाऱ्यातून एक चिठ्ठी उचलली होती. अंगरखा कसा विणायचा ते तिच्यात लिहिलं होतं. एवढंच नाही, त्यांच्या पिलावळीलाही तो अंगरखा जन्मतःच मिळाला. चिठ्ठी कशाची होती हे कळायला आणखी सोळा वर्षं गेली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी मेलेल्या जंतूंचा अर्क काढला. त्यातली प्रथिनं मोडली, तरी उघड्यांना अंगरखा मिळण्याची किमया चालूच. डीएनए मोडणारं विकर घातलं आणि किमया थांबली! म्हणजे चिठ्ठी डीएनएची होती. 1944 मध्ये त्यांनी ते छापलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

आता तू म्हणशील, आपल्या पेशीतही अशी चिठ्ठी घालता येईल का? सोपं नाही गं. आपल्या राजवाड्याचा दिंडीदरवाजा आठव. पेशीचं आवरण तसंच बंदोबस्ताचं. डीएनएवर ऋण भार, आवरणाच्या बाहेरच्या अंगावरही ऋण भार. चुंबकाची सारखी टोकं जवळ आणल्यासारखं ते एकमेकांना ढकलतात. बाहेर डीएनए कुरतडणारी विकरं टपलेली असतात. आणि आत गेलं तरी केंद्रकाचा दुसरा दरवाजा उरतोच.

तरीही हे जमलं, आणि तेही आपल्या शेजारी, अहमदाबादेत. झायडस कंपनीनं झायकोव्ह-डी ही कोरोनाची लस तयार केली. 20 ऑगस्ट 2021 रोजी तिला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. डीएनएची लस माणसांना द्यायला जगात परवानगी मिळाली ती पहिल्यांदाच. तिच्यात डीएनएची एक इवलीशी गोल कडी असते, जंतूंच्या पोटात वाढवलेली. तिच्यावर कोरोनाच्या अंगावरच्या काट्याची कृती लिहिलेली. पेशी ती कृती वाचून काटा घडवते आणि शरीराचे पहारेकरी तो ओळखून ठेवतात.

आणि ही लस द्यायला सुई लागत नाही! स्प्रिंगच्या जोरानं द्रवाची केसासारखी बारीक धार निघते आणि क्षणात कातडीत शिरते. त्या दाबानं द्रव पेशींच्या मधे पसरतो आणि काही कड्या दरवाजा ओलांडतात. महाराष्ट्रात ती आधी नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांत द्यायचं ठरलं होतं.

सुई नाही म्हणजे काय, हे आत्याला विचार. वापरलेली सुई दवाखान्याच्या कचऱ्यासाठीच्या 2016 च्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते, घरच्या कचऱ्यात कधीच नाही. एक सुई चुकून साध्या पिशवीत गेली, तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात घुसते, आणि त्या टोकावर कोणाचं रक्त होतं हे तिला कळायचा मार्ग नसतो. धारेच्या यंत्राचं प्लास्टिकचं नळकांडं दर वेळी टाकावं लागतंच, पण ते कोणाला टोचत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये तर आत्याचा जीव तुटतो. निर्जंतुक पाकीट एकदा फोडलं की आतल्या वस्तूला कोणी हात लावला नाही तरी ती परत ठेवता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी मेंदू आणि मणक्याच्या 58 शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. दर शस्त्रक्रियेमागे सरासरी 653 डॉलरचं सामान उघडून, न वापरताच वाया गेलं होतं. म्हणून आत्या आता टाके घालायच्या दोऱ्याची पाकिटं टेबलाशेजारी बंदच ठेवते आणि सर्जननं मागितल्यावरच फोडते. पेशंटचं त्यात काही कमी होत नाही, तिनं मला दहादा सांगितलंय.

आणि तू आज ओल्या डब्यात टाकलेलं आंब्याचं साल? त्याच्या पेशीपेशीत आंब्याची अख्खी चिठ्ठी आहे. ते आता देवगुराडियाला पोचलं असेल. तिथे दिवसाला 550 टन ओला कचरा रिचवणारा कारखाना 2022 पासून चालू आहे. टाकीतले जंतू सालातला डीएनए तुकडे तुकडे करून खातात, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर स्वतः वाढतात. त्यांच्यातल्याच काहींनी सोडलेल्या वायूवर आपल्या सिटीबस धावतात.

काय म्हणालीस? त्या उघड्या जंतूला चिठ्ठीत काय लिहिलंय ते ठाऊक होतं का? नाही गं. त्यानं ती फक्त आत घेतली.