उंच चालकासाठी मोटारसायकलची बैठक : निवडीमागील मोजमापे

मोटारसायकलवर तास-दीड तास बसल्यानंतर उंच माणसाचे गुडघे आखडतात, कंबर भरून येते आणि बैठकीच्या जागी बधिरता जाणवू लागते. याचा दोष सामान्यतः गादीच्या कठीणपणाला दिला जातो व अधिक मऊ बैठक विकत आणली जाते. त्याने त्रास बहुधा वाढतोच. कारण मुळात प्रश्न मऊपणाचा नसून अंतराचा आहे.

चालकाची शरीरस्थिती बैठक, फूटरेस्ट आणि हँडल या तीन बिंदूंनी ठरते. मध्यम उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला टेकावेत या हिशेबाने कारखानदार बैठकीची उंची ठेवतो. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० या गाडीत ती ८०५ मिलिमीटर आहे. सहा फुटांहून उंच असलेल्या चालकाला जमीन सहज लाभते, परंतु बैठक व फूटरेस्ट यांतील अंतर त्याच्या पायांना अपुरे पडते. गुडघा दुमडून वर येतो, मांडीचा आधार सुटतो आणि धडाचा बहुतेक भार आसनास्थींच्या दोन लहान उंचवट्यांवर येतो. शिवाय कटिभाग मागे कलून कमरेची स्वाभाविक कमान नाहीशी होते.

मांडी आणि गुडघ्याखालील नळी प्रत्येकी ४५ सेंटिमीटर धरू. खुब्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर ५८ सेंटिमीटर असता गुडघ्याचा कोन सुमारे ८० अंश येतो. ६२ सेंटिमीटर झाल्यास तो ८७ अंश होतो. चार सेंटिमीटरांनी सात अंशांची मोकळीक मिळते, आणि प्रवास लांबचा असेल तर ती थोडी नव्हे. (खुबा घोट्याच्या बरोबर वर नसल्यामुळे बैठक तेवढीच उंचावल्यास प्रत्यक्ष लाभ काहीसा कमी मिळतो.) २०२३ साली आलेल्या हिमालयन ४५० ची बैठक ८२५ किंवा ८४५ मिलिमीटरवर बसविता येते, ती सोय याच जातीची होय.

आता मऊ गादीचा तोटा स्पष्ट होईल. ती भाराखाली अधिक दबते, म्हणजे मोजपट्टीवर कमावलेली उंची बसताक्षणीच गमावली जाते. म्हणून बैठकीचे माप चालक बसलेला असतानाच घ्यावे. फोमची घनता आणि त्याचा कठीणपणा यांत गल्लत होऊ नये : घनतेवर मुख्यतः टिकाऊपणा अवलंबून असतो, आधार कठीणपणामुळे मिळतो. फोम दाट असूनही मऊ असू शकतो.

आकाराचे महत्त्व याहून कमी नाही. बैठक पुढे उतरती असल्यास चालक टाकीकडे घसरत राहतो; मागच्या स्वाराच्या जागेची पायरी जवळ असल्यास त्याला मागे सरकता येत नाही. कित्येकदा कुशल कारागिराकडून ही पायरी मागे नेऊन घेतली, तरी नवी बैठक घेण्याची गरज उरत नाही.

बैठक उंचावली की हँडल तुलनेने खाली जाते व मनगटांवर भार येतो. तेव्हा हँडलही थोडे वर घ्यावे लागते. पुढे काच असेल, तर तिच्या कडेवरून येणारा वाऱ्याचा झोत आता डोक्यावर आदळतो किंवा काय, हेही पाहावे. खर्च करण्यापूर्वी मूळ बैठकीवर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा कठीण फोम घट्ट बांधून किमान तासभर गाडी चालवावी. दुकानातील पाच मिनिटांच्या बसण्यावरून काहीच कळत नाही, कारण फोम हळूहळू दबत जातो आणि बधिरताही उशिराच येते.