गवत लावताय? आधी ते पळतं का, ते बघा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित भाग. बोलतानाचं ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ बरंचसं गाळलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय आहे गवत. तेही बागेत मुद्दाम, हौसेनं लावायचं गवत. आई म्हणाली, ‘‘आयुष्यभर आम्ही गवत उपटलं, आणि तू पैसे देऊन लावतोस?’’ पण रील्समध्ये तुम्हीही पाहिलं असेल: दगडी पायवाट, बाजूला वाऱ्यावर डुलणारे तुरे, मागून संध्याकाळचं ऊन. मलाही ते हवं होतं.

मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे, आमचा चार गुंठ्यांचा प्लॉट आहे. मागे ओढा, ओढ्यापलीकडे डोंगर. हिंजवडीतल्या ऑफिसातून शुक्रवारी सुटलो की मी तिकडे पळतो. तिथे मी एका नर्सरीतून पेनिसेटमच्या दहा पिशव्या आणून कुंपणालगत लावल्या. म्हणजेच फाउंटन ग्रास. पाणी कमी लागतं, गुरं खात नाहीत, मेंटेनन्स झिरो, असं सांगितलं होतं. सगळं खरं निघालं, आणि अडचण नेमकी तीच होती.

आबांचा प्रश्न

दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेजारच्या शेतातले आबा कुंपणाशी थांबले. ओढ्याच्या काठाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘इंजिनेर, हे तुमचं गवत का? म्हस तोंड लावत नाही याला.’’ मी जाऊन पाहिलं. दगडांच्या फटींतून सात-आठ रोपं वर आली होती, आणि त्यातली एक माझ्या कुंपणापासून चांगली पन्नास पावलं लांब होती.

आबा पुढे एवढंच म्हणाले, ‘‘ह्ये डोंगरावर चढलं तर ढोरं कुठं न्यायची?’’

त्या रात्री मी गुगल करायचं ते केलं, जे खरं तर विकत घेण्याआधी करायला हवं होतं. फाउंटन ग्रास मूळचं उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचं. त्याचं बी पिसासारखं हलकं असतं. ते वाऱ्यानं जातं, पाण्यानं जातं, गाडीच्या टायरला चिकटूनही जातं. बी धरायला परागीभवनही लागत नाही, म्हणजे एक झाड एकटं पुरतं. हवाईत ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी नेलं, आणि आज तिथल्या लाव्हाच्या माळांवर तेच पसरलंय. युरोपियन युनियननं २०१७ मध्ये ते घातक परक्या प्रजातींच्या यादीत टाकलं. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: हे गवत वाळलं की चटकन पेटतं, आणि जळून गेल्यावर बुडख्यातून पुन्हा जोरात फुटतं. आजूबाजूची बाकीची झाडं तेवढ्या लवकर सावरत नाहीत.

मुळशीत उन्हाळा लागला की डोंगरावर वणव्याच्या रेषा दिसतात, हे इकडे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पेटवणाऱ्यांना मी दरवर्षी शिव्या घालायचो आणि स्वतःच्या कुंपणाला सरपण लावून बसलो होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ते असं.

एक गोष्ट न्याय म्हणून सांगतो. याच गवताचा जांभळ्या पानांचा प्रकार बहुतेक वेळा बी धरत नाही. हिरवा प्रकार धरतो, आणि माझ्याकडे हिरवा होता.

हे पुण्याला नवीन नाही

काँग्रेस गवत आठवा. नावात गवत असलं तरी ते गवत नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं रोप आहे. मूळ अमेरिकेतलं. भारतात ते पसरतंय ही नोंद १९५० च्या दशकात झाली, ती आपल्या पुण्यातच. आज देशात असा रिकामा प्लॉट शोधून दाखवा जिथे ते नाही. तेव्हा ते कुणी शोभेसाठी लावलं नव्हतं, चुकून आलं होतं. आपण तर पैसे मोजून आणतोय.

मग देशी म्हणजे सेफ?

मी आधी हाच शॉर्टकट मारला: परदेशी वाईट, देशी चांगलं. तोही चुकीचा आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा, म्हणजे हरळी, अगदी आपल्याच. पण फुलांच्या वाफ्यात एकदा शिरू द्या, मग बघा. नदीकाठी पावसाळा सरताना पांढरे तुरे काढणारं कास गवतही आपलंच आणि दिसायला अफलातून, पण ते जमिनीखालून खोडं पसरवत जातं. पनामात तेच कास जंगल तोडलेल्या जमिनीवर असं माजलंय की झाडं परत येऊ देत नाही.

म्हणून मी आता तीन प्रश्न विचारतो.

पहिला: बी कसं प्रवास करतं? पिसासारखं उडतं, की झाडाच्या आसपास पडतं?

दुसरा: ते ठोंबातच वाढतं, की जमिनीवरून किंवा जमिनीखालून धावतं? घरच्या बागेला ठोंबाचंच बरं.

तिसरा, जो आपण विसरतो: कुंपणापलीकडे काय आहे? पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीतलं गवत आणि मुळशीत ओढ्याकाठचं गवत यांची रिस्क एक नाही. ओढा पुढे नदीला मिळतो. तिथे गेलेल्या बीला रोलबॅक नसतो.

मी काय लावलं

मराठी नावं गावागणिक बदलतात, म्हणून शास्त्रीय नावंही सांगतो. शोधताना तीच वापरा.

वाळा, म्हणजे क्रायसोपोगॉन झिझानिओइडिस. माठात टाकतो तोच. माणसाएवढा उंच ठोंब होतो आणि मुळं सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतसुद्धा. उताराची माती धरायला याच्यासारखं गवत नाही. दक्षिणेत लागवडीत असलेला प्रकार सहसा रुजणारं बी देत नाही, ठोंब फोडूनच लावावा लागतो. म्हणून कुंपणाच्या खालच्या बाजूला, ओढ्याकडे, मी हाच लावला.

पवन्या, सेहिमा नर्वोसम. कमरेएवढा, बारीक पानांचा, मुरमाड हलक्या जमिनीत खूश. आणि मारवेल, डायकॅन्थियम अ‍ॅन्युलॅटम. याच्या पेराला पांढऱ्या केसांचं कडं असतं, नावातल्या ‘अ‍ॅन्युलॅटम’चा अर्थच कडं असलेलं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९७३ मध्ये देशातल्या गवताळ भागांचे पाच प्रकार मांडणारं पुस्तक काढलं. त्यात दख्खनच्या पठारावरच्या प्रकाराला या दोघांचंच नाव आहे: सेहिमा-डायकॅन्थियम. म्हणजे ही इथली मूळ मंडळी. दोन्ही उत्तम चारा आहेत, त्यामुळे कुंपणाबाहेर एखादं रोप गेलं तर ते आबांच्या म्हशीच्या पोटात जातं. हाच मारवेल अमेरिकेतल्या टेक्सासात उपद्रवी ठरलाय. म्हणून कॅलिफोर्नियातल्या मावशीला बी पाठवू नका.

रोशा गवत, सिंबोपोगॉन मार्टिनी. पान चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो. एकेकाळी खानदेशात याचं तेल काढायचा मोठा धंदा होता. पावसाळ्यानंतर तुरा तांबूस होतो. याला साचलेलं पाणी चालत नाही, म्हणून मुळशीच्या पावसात उंचवट्यावरच लावा.

कुसळी मात्र मी पायवाटेजवळ लावली नाही. हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. दिसते सुरेख. पण तिचं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पीळ घेतं, आणि स्क्रूसारखं बी जमिनीत घालतं. तेच काम ते कुत्र्याच्या कातडीत आणि तुमच्या मोज्यांतही करतं.

लावायचं कसं

चांगला पाऊस सुरू झाला की, जून-जुलैत, ठोंब फोडून दीड-दोन फुटांवर लावा. पहिली दोन वर्षं आजूबाजूची हरळी काढत राहा. नंतर फारसं काही लागत नाही. तुरे थंडीत राहू द्या, मुनियांचे थवे बी टिपायला येतात. मी जानेवारी संपायच्या आत सगळं वीतभर ठेवून कापतो, कारण त्यानंतर वणव्याचे दिवस. कापलेलं गवत गोठ्यात जातं.

रोपं आणायची कुठून? ताम्हिणी अभयारण्यातून उपटून आणू नका, कायद्यानं ते चालत नाही. शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावरचा एक ठोंब पुरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलचे चाऱ्याचे वाणही काढलेत.

आणि फाउंटन ग्रास आधीच लावलं असेल तर? आधी तुरे कापून पिशवीत बांधा, मग मुळासकट खणा. उलट क्रम केलात तर खणतानाच बी सांडतं. माझे दोन रविवार खणण्यात गेले. पण बी मातीत काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात मी ओढ्याकाठी एक फेरी मारतो. यंदा तीन रोपं सापडली. तिसरं आबांनी आधीच उपटून कुंपणावर ठेवलं होतं.

पुढच्या भागात भेटू. तोवर नर्सरीत गेलात तर किंमत विचारायच्या आधी पिशवीवरचं नाव वाचा, आणि नाव नसेल तर पिशवी खाली ठेवा.