केनेविकचा प्राचीन पुरुष

"हा अगदी मामूंवर गेला आहे," असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ते तुम्ही ऐकले असेल. चेहऱ्यावरून आपण नाते ओळखतो. पण चेहरा कधी कधी फसवतोही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात केनेविक नावाचे शहर आहे. १९९६ साली तेथे कोलंबिया नदीवर बोटींच्या शर्यती होत्या. त्या पाहायला आलेल्या दोन तरुणांना नदीच्या उथळ पाण्यात माणसाची कवटी सापडली. नंतर बहुतेक सर्व हाडेही मिळाली. कमरेच्या हाडात भाल्याचे दगडी टोक रुतलेले होते. ती जखम भरून आली होती. म्हणजे इतका मोठा घाव सोसूनही तो माणूस जगला होता! हा सांगाडा सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीचा निघाला.

आता वाद सुरू झाला. तेथील आदिवासी म्हणाले, "हा आमचा पूर्वज आहे. त्याला पुन्हा दफन करू द्या." काही शास्त्रज्ञ म्हणाले, "याची कवटी लांबट व अरुंद आहे. ती आजच्या आदिवासींसारखी नाही. आम्हाला अभ्यास करू द्या." प्रकरण न्यायालयात गेले आणि २००४ साली निकाल शास्त्रज्ञांच्या बाजूने लागला.

पण हाडांत आणखी एक साक्षीदार होता, डीएनए. तो आपल्याला आईवडिलांकडून मिळतो. त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून. मृत्यूनंतर त्याचे बारीक तुकडे होतात व त्यात मातीतील जंतूंचा डीएनए मिसळतो. हाड हाताळणाऱ्याची थुंकी उडाली, तरी घोटाळा होतो. म्हणून हे काम हातमोजे व मुखपट्टी घालून करतात.

डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ एस्के विलर्स्लेव्ह यांच्या गटाने हाताच्या हाडाच्या लहानशा तुकड्यातून हा डीएनए वाचला. कोलव्हिल जमातीच्या लोकांनी तुलनेसाठी आपली लाळ दिली. २०१५ साली उत्तर मिळाले. हा माणूस जगातील इतर कोणत्याही लोकांपेक्षा अमेरिकेच्या आदिवासींनाच जवळचा होता.

या आदिवासींचे पूर्वज मुळात आशियातून आले. हिमयुगात पुष्कळ पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र खाली गेला होता. आज सायबेरिया व अलास्का यांच्यामध्ये समुद्र आहे, तेथे तेव्हा रुंद जमीन होती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींचे लोक एकत्र आले. आपल्या या 'प्राचीन पुरुषा'ला त्यांनी मातीच्या स्वाधीन केले. ती जागा त्यांनी बाहेर कोणालाही सांगितलेली नाही.