रोबो व्हॅक्यूम घ्यायचाय? आधी घरातले उंबरे मोजा

रोबो व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिरातीत दिसतं ते घर मावळातलं नसतं. तिथे दारांना उंबरे नसतात, पडवीत चिखलाने भरलेल्या चपला नसतात, जुलैत कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरत नाही आणि शुक्रवारी रात्री उघडलेलं कुलूप रविवारी संध्याकाळी पुन्हा लागत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुणे शहरात त्याच्या पाव हिश्शाइतकाही पडत नाही. त्यामुळे बाणेरच्या फ्लॅटमध्ये उत्तम चालणारं यंत्र तुंगार्लीच्या बंगल्यात तसंच चालेल, असं धरून चालता येत नाही.

वस्तू तशी नवी नाही. इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ साली पहिला घरगुती रोबो व्हॅक्यूम बाजारात आणला आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या आयरोबोटचा रूम्बा आला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला तोही २००२ सालीच. त्यानंतर लोणावळा, खंडाळा, मळवली, पवनानगर या पट्ट्यात शनिवार-रविवारची घरं वाढली, तळेगाव-वडगाव-कामशेतकडे इमारती उभ्या राहिल्या आणि आता या घरांमध्ये रोबो शिरू लागले आहेत. पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या पुढे किंमत जाते. एवढे पैसे मोजण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

“पास्कल जितके जास्त, तितकी सफाई चांगली”

दुकानात पहिला आकडा हाच दाखवतात. पास्कल हे दाबाचं एकक. यंत्राचं तोंड पूर्ण बंद केल्यावर आत किती ओढ तयार होते, ते हा आकडा सांगतो. पण फरशीवर फिरताना तोंड कधीच बंद नसतं. केर उचलतात ते हवेचा प्रवाह आणि ब्रश. फिल्टर किती साफ आहे, ब्रश फरशीला किती टेकतो, हवा मध्येच कुठे गळते का, यावर तो प्रवाह ठरतो. शिवाय छापलेला आकडा सर्वांत जोरदार मोडचा असतो. त्या मोडमध्ये आवाज वाढतो आणि बॅटरी लवकर उतरते.

शहाबादी, कोटा किंवा टाइल्सची सपाट फरशी असेल, तर धूळ, केस आणि सांडलेला चिवडा उचलायला मध्यम ओढ पुरते. मोठा आकडा कामाला येतो तो जाड गालिच्यावर, आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात जाड गालिचा दमट होऊन वास मारतो, म्हणून तो बहुतेक घरांत अंथरलेलाच नसतो. माझं मत स्पष्ट आहे: पास्कलसाठी जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा मुख्य ब्रश रबरी आहे का, तो हाताने सहज निघतो का आणि त्याला गुंडाळलेले लांब केस काढता येतात का, हे पाहा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर फिल्टरची प्रत विचारा. युरोपीय मानकाप्रमाणे एच-१३ दर्जाचा हेपा फिल्टर किमान ९९.९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो. ‘हेपा टाइप’ या नुसत्या शब्दांना असं कोणतंही बंधन नाही.

“ओलं आणि सुकं, दोन्ही साफ करतो”

मावळात सर्वांत जास्त नुकसान या एका समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

खोक्यावर ‘व्हॅक्यूम आणि मॉप’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की यंत्र कोरडा केर ओढतं आणि ओलसर कापड फरशीवरून फिरवतं. सांडलेलं पाणी किंवा ओला चिखल ओढायला बहुतेक घरगुती रोबो बनवलेलेच नसतात. पाणी आत गेलं की फिल्टर भिजतो, धुळीचा लगदा होतो आणि पुढे मोटर खराब होऊ शकते. पावसात भिजून आलेल्या पाहुण्यांच्या पायांचे ठसे, छत्रीखाली साचलेलं थारोळं, दारातून आत आलेली गोम किंवा वाणी हे सगळं आधी हातानेच उचलायचं. चिखल वाळला की त्याची माती यंत्र उचलेल. लोणावळ्याच्या घरात आणखी एक गोष्ट हमखास असते, चिक्कीचा चुरा. दमट हवेत गूळ ओघळतो आणि चुरा फरशीला चिकटतो. कितीही ओढ लावली तरी तो सुटत नाही, ओल्या फडक्यानेच निघतो.

मॉपचेही प्रकार आहेत. स्वस्त यंत्रात टाकीला लावलेलं कापड नुसतं मागे फरफटत येतं. पहिल्या खोलीतली माती ते शेवटच्या खोलीपर्यंत सारखी पसरवत नेतं. त्याहून बरे ते कंप पावणारे किंवा गोल फिरणारे मॉप, आणि त्यांतही मधूनमधून डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या तळावर, परत येऊन कापड धुऊन घेणारे. मावळात मॉप हवाच असेल तर कापड धुणारा डॉक घ्यावा, नाहीतर मॉपचा नाद सोडून साधा व्हॅक्यूम घ्यावा. मधला पर्याय मला पटत नाही. टाकीत फिनेल ओतण्याचा मोह मात्र टाळायचा. फेसाने पंप आणि बारीक नळ्या तुंबतात, तीव्र रसायनाने रबर खराब होतं. कंपनीने सांगितलेलं द्रावण किंवा साधं पाणी, एवढंच.

फिल्टरबद्दल माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की धुऊन चोवीस तास वाळवा. ऑगस्टमध्ये खंडाळ्याला चोवीस तासांत रुमालही वाळत नाही. अर्धा ओला फिल्टर बसवला की धूळ त्यावर थापली जाते आणि वास सुटतो. म्हणून यंत्र घेतानाच दोन फिल्टर जास्तीचे घ्यावेत आणि पावसाळ्यात धुण्याऐवजी झटकून वापरावेत.

सगळा मावळ मात्र एकसारखा ओला नाही. घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकावं तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. तळेगाव दाभाड्यातल्या फ्लॅटची अडचण वेगळीच असते, आजूबाजूच्या बांधकामाची धूळ. नव्याने ताबा मिळालेल्या घरात सिमेंटची आणि पीओपीची पूड असते. ती इतकी बारीक असते, की फिल्टर लगेच चोंदतो. आधी दोन-तीनदा ओल्या फडक्याने घर पुसून घ्यावं, मग रोबो सोडावा. दारातल्या रांगोळीचंही तेच. दिवाळीत तेवढा कोपरा ॲपमध्ये वर्ज्य करून ठेवावा. आणि आंदर मावळात, नाणे मावळात किंवा पवन मावळात ज्या घरांची जमीन अजून शेणाने सारवलेली आहे, तिथे हे यंत्र नकोच. फिरता ब्रश सारवणच खरवडून काढेल.

“सेन्सर आहेत ना, तो सांभाळून घेतो”

सेन्सर खूप काही सांभाळतात, पण घराची रचना बदलू शकत नाहीत. बहुतेक रोबो साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा चढतात. काही नवी महागडी मॉडेल त्याहून उंच चढतात, पण जुन्या वळणाच्या घरातला लाकडी किंवा दगडी उंबरा याच्या दुप्पट-तिप्पट सहज असतो. टेप घेऊन प्रत्येक दाराचा उंबरा मोजा. तीन सेंटिमीटरचा असेल तर सुतार दोन्ही बाजूंनी उतरती फळी करून देईल. सहा सेंटिमीटरचा असेल तर रोबो एकेका खोलीत उचलून ठेवावा लागेल, हे आधीच मान्य करा. पलंगाखालची मोकळी उंचीही मोजा. लेझरचा मनोरा असलेली यंत्रं साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच असतात आणि बुटक्या दिवाणाखाली अडकतात.

उलटी अडचण न्हाणीघराची. आपल्याकडे न्हाणीघराची फरशी खोलीपेक्षा इंच-दीड इंच खाली असते. जिन्याची कड यंत्राला नीट ओळखता येते, पण एवढा लहान उतार कधीकधी सेन्सरच्या हिशेबात येत नाही. रोबो खाली उतरतो आणि परत चढता न आल्याने तिथल्याच ओल्यात फिरत राहतो. न्हाणीघराचं दार लावून ठेवणं हा सर्वांत खात्रीचा उपाय.

काळ्या फरशीची गंमत फार कमी विक्रेते सांगतात. खड्डा ओळखणारे सेन्सर खाली इन्फ्रारेड किरण टाकतात आणि ते परत आले की पुढे जमीन आहे असं मानतात. काळा कडाप्पा किंवा गडद ग्रॅनाइट हे किरण शोषून घेतो, आणि यंत्राला तिथे खड्डा असल्याचा भास होतो. ते जागीच मागे फिरतं. घरात असे पट्टे असतील तर घेण्याआधी त्यावर चालवून पाहण्याचा आग्रह धरा. सेन्सरवर चिकटपट्टी लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण मग जिनाही दिसणार नाही.

दरीकडे तोंड करून बांधलेल्या बंगल्यांत जमिनीपर्यंत काचा असतात. लेझर काचेतून आरपार जातो, आणि नकाशात बाहेरची गच्चीही घराची खोली म्हणून उमटू शकते. ॲपमध्ये काचेलगत मनाईची रेघ ओढली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. दुमजली घरात रोबो जिना चढत नाही, हे सर्वांना ठाऊक असतं. पण दोन मजल्यांचे दोन नकाशे साठवून ठेवता येतात की नाही, हे विचारायचं राहून जातं.

“मुंबईहून बटण दाबू, पोहोचेपर्यंत घर लखलखीत”

हे शक्य आहे, पण चार गोष्टी जुळून आल्या तरच. घरात वीज हवी, वायफाय चालू हवं, आतली दारं उघडी हवीत आणि जमिनीवर वायरी, पडद्याच्या झालरी, पायपुसणी पडलेली नकोत. मावळात पावसाळ्यात तारांवर फांदी पडून वीज जाणं नवीन नाही. बरेच रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, तेही राउटरच्या मांडणीत तपासून घ्यावं. नेट नसलं तरी यंत्रावरचं बटण दाबून सफाई होते. नेट नाही म्हणजे यंत्र निकामी, ही समजूतही बरोबर नाही. अडतं ते ॲपमधलं नकाशाचं आणि वेळापत्रकाचं काम.

पडदे ओढून बंद ठेवलेल्या बंगल्यासाठी लेझरने वाट शोधणारा रोबो घ्यावा. त्याला उजेड लागत नाही. नुसत्या कॅमेऱ्यावर चालणारा अंधारात चाचपडतो.

खरी काळजी घ्यायची ती बंद घरातल्या बॅटरीची. अनेक मालक निघताना विजांच्या भीतीने मेन स्विच पाडून जातात. डॉक बंद होतो, रोबो मात्र जागाच राहतो आणि हळूहळू बॅटरी संपवतो. लिथियम-आयन बॅटरी पार उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर तिची ताकद कायमची घटते. घर महिनाभर बंद राहणार असेल तर यंत्र पूर्ण चार्ज करावं, बटणाने बंद करावं, डॉकवरून काढून कोरड्या कपाटात ठेवावं आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावं. आपोआप कापड धुणारा डॉक असेल तर निघण्यापूर्वी मळक्या पाण्याची टाकी रिकामी करून उघडी ठेवावी. रविवारी साचलेलं ते पाणी पुढच्या शुक्रवारपर्यंत बंद घरात राहिलं, तर दार उघडताच आधी त्याचाच वास येतो.

विजेच्या बिलाची धास्ती मात्र सोडून द्या. १४.४ व्होल्टची, ५२०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे साधारण ७५ वॅट-तास. चार्जिंगमधली घट धरूनही एका वेळी एक दशांश युनिटच्या आसपास वीज लागते. रोज चालवला तरी महिन्याला तीन युनिट. कापड गरम हवेने सुकवणारा डॉक याहून जास्त वीज घेतो.

“आता कामाला येणाऱ्या मावशींची गरज नाही”

हा हिशेब चुकीचा आहे आणि मला तो बोचतोही. जिना, ओटा, न्हाणीघर, जळमटं, खिडक्यांच्या गजांवरची बुरशी यांतलं काहीही रोबो करत नाही. तो करतो ते एकच काम: पलंग-सोफ्याखालची, वाकून पोहोचायला अवघड अशी रोजची धूळ काढतो. मावशींची कंबर त्यातून वाचत असेल, तर तेवढ्यासाठीही तो घ्यावा.

शेवटी कॅमेऱ्याबद्दल. रोबोवरचा कॅमेरा निरुपद्रवी असतो असं धरून चालू नये. रूम्बाच्या चाचणी यंत्रांनी टिपलेली घरातली छायाचित्रं समाजमाध्यमांवर पोहोचल्याचं एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने डिसेंबर २०२२ मध्ये उघड केलं. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्सचे काही रोबो हॅक होऊन त्यांच्या स्पीकरमधून शिवीगाळ ऐकू आली. बंगला अधूनमधून भाड्याने देत असाल तर कॅमेरा नसलेलं यंत्रच घ्या. पाहुण्यांच्या खाजगीपणाची जबाबदारी तुमच्यावर आहे.

मोठं नाव म्हणजे कायमची सेवा, हाही भरवसा उरलेला नाही. निआटो ही अमेरिकी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली आणि खुद्द आयरोबोटने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. म्हणून खरेदीआधी विक्रेत्याला ४१०४०१ हा लोणावळ्याचा पिनकोड सांगा आणि थेट विचारा: दुरुस्तीला माणूस इथे घरी येतो, की यंत्र पुण्याला पोहोचवायचं? बॅटरी, ब्रश, फिल्टर आणि धुळीच्या पिशव्या सुट्या मिळतात का, किती रुपयांना? हमी एक वर्षाची की दोन, आणि त्यात बॅटरी धरलेली आहे का? उत्तरं लेखी घ्या, बिलावरच लिहून घेतलीत तर उत्तम.