मोडीत न गेलेला संसार

तांब्या-पितळेचे भांडे चेपले किंवा गळू लागले, की ते मोडीत घालायचे आणि त्या वजनाच्या मोबदल्यात नवे घ्यायचे, ही आपल्याकडील घरोघरची रीत. ही काटकसर व्यवहाराला धरूनच होती. मात्र तिच्यामुळे जुन्या संसारातील असंख्य वस्तू भट्टीत वितळून नाहीशा झाल्या. राजांच्या तलवारी शस्त्रागारांत जपल्या गेल्या. विळी, अडकित्ता, दौत यांना असे संरक्षण कधीच नव्हते. पुण्यातील शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

संग्रहालयाच्या नावातील 'राजा' हा कोणी संस्थानिक नव्हे. संस्थापक दिनकर गंगाधर केळकर (1896-1990) यांच्या बालपणीच निधन पावलेल्या मुलाचे ते नाव. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी 1920च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. खेडोपाडी फिरून जमविलेल्या या कामात पत्नी कमलाबाईंचीही साथ त्यांना लाभली. हा ठेवा त्यांनी 1975 मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहात 20 हजारांहून अधिक वस्तू असून, त्यांपैकी सुमारे अडीच हजार मांडलेल्या आहेत.

या वस्तू नित्य वापरातल्या होत्या, हेच त्यांचे वैशिष्ट्य. अडकित्त्याचेच पाहा. दोन्ही भुजा एका टोकाला खिळीने जोडलेल्या, हाताची पकड दुसऱ्या टोकाला. सुपारी खिळीलगत ठेवली, की थोड्या जोराने फुटते. ही झाली साधी तरफ. परंतु कारागीर तेवढ्यावर थांबला नाही; त्याच भुजांना त्याने घोड्याचा, पक्ष्याचा, स्त्री-पुरुषाच्या जोडीचा आकार दिला. पाय घासण्याच्या वज्रीचा तळ खरबरीत ठेवणे आवश्यकच होते. वरची मूठ मात्र त्याने हौसेने घडविली. छताला साखळीने टांगायचा लामणदिवा, फणी-कुंकवाची फणेरपेटी, शेवेचा सोऱ्या या साऱ्यांची हीच कथा. उपयोग आणि सौंदर्य यांची फारकत त्या कारागिराला ठाऊक नव्हती आणि आपले नाव कोरण्याची गरजही त्याला सहसा भासली नाही.

काचेआड वस्तू सुरक्षित राहते. तिचा वापर मात्र राहत नाही. वज्री, लामणदिवा हे शब्द आज अनेक शहरी घरांतील मुलांना अपरिचित आहेत. शब्द गेला, की वस्तू मुकी होते. म्हणूनच आपल्या घरच्या माळ्यावर अशी एखादी वस्तू असेल, तर ती मोडीत देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना तिचे नाव आणि वापर विचारून कागदावर टिपून ठेवावा. केळकरांनी वस्तू जमविल्या. त्यांच्या आठवणी जमविण्याचे काम प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे.