‘रोझा’ : कत्तलखान्यातला ऑपेरा

‘रोझा : अ हॉर्स ड्रामा’ या ऑपेराचा पहिला प्रयोग २ नोव्हेंबर १९९४ रोजी ॲमस्टरडॅमच्या म्युझिकथिएटरमध्ये झाला. संगीत डच संगीतकार लुई अँड्रिसन (१९३९–२०२१) यांचे, इंग्रजी संहिता ब्रिटिश चित्रपटकार पीटर ग्रीनअवे यांची. वाद्यवृंदाचे संचालन राइनबर्ट डे लेऊ यांनी केले.

ग्रीनअवे यांनी दहा संगीतकारांच्या मृत्यूंची मालिका कल्पिली होती. पहिला मृत्यू आंटोन वेबर्नचा. महायुद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९४५ मध्ये, ऑस्ट्रियातील एका गावी हा संगीतकार रात्री सिगार ओढायला घराबाहेर आला आणि अमेरिकी सैनिकाच्या गोळीला बळी पडला. दहावा मृत्यू जॉन लेननचा, न्यूयॉर्कमधला, १९८० सालचा. ही दोन टोके इतिहासातली. सहावा हुआन मानुएल दे रोझा मात्र पूर्ण कल्पित आहे.

रोझा वेस्टर्न चित्रपटांना संगीत देतो आणि उरुग्वेतील फ्रे बेंतोस इथे एका कत्तलखान्यात राहतो. हे गाव खरे आहे. लीबिग कंपनीच्या तिथल्या कारखान्यातून मांसाचा अर्क युरोपात जात असे. १९७९ मध्ये तो बंद पडला आणि २०१५ साली जागतिक वारसास्थळ ठरला. रोझाचा सारा जीव त्याच्या घोडीत गुंतलेला. वाग्दत्त वधू एस्मेराल्डा त्याच्या प्रेमासाठी अंग काळ्या रंगाने माखून घोडीसारखी होऊ पाहते. काउबॉय रोझाला ठार करतात, घोडीही मारली जाते, खुनाचा तपास सुरू होतो आणि एस्मेराल्डाला मेलेल्या घोडीच्या पोटात कोंबले जाते. हे पाहणे सोपे नाही, आणि ते सोपे करण्याचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. शेवटी एक गायिका कथेतल्या शब्दांची सूचीच गाऊन दाखवते.

हा सगळा विक्षिप्त पसारा तोलून धरते ते संगीत. रूढ सिंफनी वाद्यवृंद अँड्रिसन यांनी बऱ्याच आधी दूर ठेवला होता. पितळी वाद्ये, सॅक्सोफोन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार आणि ध्वनिवर्धकातून येणारे गळे यांतून त्यांचा कोरीव, आक्रमक नाद घडतो. वेस्टर्नपटांची घोडदौड त्यात ऐकू येते, पण नक्कल म्हणून नव्हे. कथा जितकी भेसूर होते, तितके संगीत शिस्तबद्ध राहते. या कृतीचे मोठेपण इथेच आहे.

मूळ प्रयोगातही प्रक्षेपित चित्रे होतीच, विषयही सिनेसंगीतकाराचा. त्यामुळे १९९९ मध्ये ग्रीनअवे यांनी केलेला ‘द डेथ ऑफ अ कंपोझर’ हा चित्रपट प्रयोगाची केवळ नोंद ठरत नाही. चौकटीत चौकट बसवणे, दृश्यावर अक्षरे उमटवणे ही ‘प्रॉस्पेरोज बुक्स’मधली (१९९१) त्यांची रीत इथेही आहे, आणि गाणारी माणसे त्या थरांमधून दिसत राहतात. रंगमंचाची खोली त्यात हरवते. चेहऱ्यांची जवळीक मात्र मिळते. पुढे २००० साली ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध झाले. ‘रायटिंग टू व्हर्मीर’ हा या दोघांचा पुढचा ऑपेरा त्याआधीच, डिसेंबर १९९९ मध्ये, ॲमस्टरडॅमलाच रंगमंचावर आला होता.