मूत्रपिंडे मुकी असतात

मधुमेहाचा विषय निघाला की आपल्या घरांत जो तो आपल्या साखरेचा आकडा तोंडपाठ सांगतो. पण ‘लघवी शेवटची कधी तपासली?’ असे विचारले, तर पुष्कळ जण गप्प होतात. मॉरिशसमध्ये प्रौढांपैकी साधारण पाचांतील एकाला मधुमेह आहे. रक्तदाबाचे रोगीही कमी नाहीत. मूत्रपिंडे निकामी होण्याची हीच दोन मोठी कारणे. म्हणून हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायला हवा.

मूत्रपिंड हा फार सोशिक अवयव. निम्मे काम बंद पडले तरी तो कुरकुर करीत नाही. पायांना सूज, अन्नावरची वासना उडणे, थकवा, अंगाला खाज ही लक्षणे दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

निदान मात्र दोन साध्या तपासण्यांनी होते. पहिली रक्तातील क्रिएटिनिनची. नुसता आकडा फसवतो. धडधाकट तरुणाला चालेल तोच आकडा कृश आजीबाईंच्या बाबतीत दुखण्याची खूण ठरतो. म्हणून डॉक्टर वय व लिंग धरून गाळण्याचा वेग काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर रोग जुनाट समजावा. दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिनची. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळले, तर सावध व्हावे. गाळण्याचा वेग चांगला असतानाही हा इशारा मिळू शकतो. ताप किंवा अतिश्रमानेही अल्ब्युमिन वाढते, म्हणून तपासणी पुन्हा करून खात्री करतात. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात निदानाच्या दिवसापासून दर वर्षी या दोन्ही तपासण्या कराव्यात.

उपचारात पहिला मान रक्तदाबाला. एनालाप्रिल किंवा लोसार्टानसारखी औषधे रक्तदाब उतरवतात आणि लघवीतून जाणारे प्रथिनही कमी करतात. ती सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम पाहावे लागते. ‘एसजीएलटी-२’ गटातील गोळ्या रोगाची चाल मंदावतात, हे २०१९ व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले.

बाकीचे आपल्या हाती आहे. दिवसाचे मीठ एका लहान चमच्याच्या आत असावे. लोणचे व खारवलेली मासळी यांतले मीठही त्यात धरावे. गुडघे दुखले की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. आणि परसातले कारांबोल! निरोग्याला ते गोड लागते, पण मूत्रपिंडाच्या रोग्याला त्याने न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटकेही येऊ शकतात. असा रोगी घरी असेल तर ते फळ त्याच्या पुढ्यात ठेवू नये.

डायलिसिस म्हणजे बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास यंत्राशी बांधले जाणे. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात उपचार विनामूल्य आहेत. पण गेलेले मूत्रपिंड कोणीही परत देऊ शकत नाही. तेव्हा पुढच्या वेळी साखर तपासायला जाल, तेव्हा लघवीच्या तपासणीचीही आठवण डॉक्टरांना करा. घरातल्या थोरांनाही सोबत न्या.